सीडीतलं अस्वल

आमच्या गावात भरदिवसा घरात अस्वल शिरलं ते आजवर एकदाच, आणि ते मी स्वतः नागपूरहून सीडीवर आणलं होतं.

आमचं गाव सिंदेवाहीपासून सायकलने पाऊण तासावर. पुढे तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बाकी सगळीकडे जंगल. मोहफुलं पडू लागली की पहाटे माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि अस्वलंही जातात. दोघांनाही तीच फुलं आवडतात, त्यामुळे भेटीगाठी होतात. एका वर्षी अशी भेट थेट गावातल्या हापशीवर झाली, तेव्हा आमच्या बाबांनी ग्रामसभेत नियम करून घेतला. अस्वल दिसलं की तेलाचा रिकामा डबा वाजवायचा. ज्याला तो ऐकू येईल त्याने आपला डबा वाजवायचा आणि काठी घेऊन, वाजवत वाजवत, पहिल्या डब्याकडे यायचं. गोंगाटाला कंटाळून अस्वल निघून जातं. कोणी गंमत म्हणून वाजवू नये यासाठी बाबांनीच पोटनियम जोडला: जो खोटा डबा वाजवेल त्याने अख्ख्या गावाला जेवण घालायचं. वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. बुंदीचा आग्रह बाबांचाच होता! ("शिक्षा म्हंजे शिक्षा वाटली पाह्यजे ना बापा!") तेव्हापासून आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दाराशेजारी एक डबा आणि एक काठी कायम टांगलेली असे.

मी जवळच्याच शाळेत गुरुजी होतो. इंग्रजी शिकवायचो. (शिकवायचो. येत होतं असं मी म्हटलेलं नाही.) वय एकोणतीस, आणि लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी नकार आला होता. एकीकडून "मुलगा फारच शांत आहे" म्हणून, आणि दुसरीकडून कारणच आलं नव्हतं, जे जास्त लागलं. तिसरं स्थळ आरमोरीकडचं, वर्षा नावाचं. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, "तुमाले रिकाम्या वेळात काय आवडते?" मी "वाचन" म्हणालो आणि त्याच वेळी पोह्यातला शेंगदाणा चुकीच्या नळीत गेला. मी खोकत सुटलो. ती तोंडावर पदर धरून हसली, मग उठून स्वतः पाणी घेऊन आली. सरळ सांगतो, मला ती फार आवडली. इतकी, की परतीच्या बसमध्ये मी तिकीट काढायचंच विसरलो आणि कंडक्टरने चारदा विचारल्यावर "वाचन" म्हणालो.

त्यांनाही मी बरा वाटला असावा, कारण पंधरा दिवसांनी रविवारी ते आमचं घर पाहायला येणार असा निरोप आला. घर पसंत पडलं की झालं. म्हणजे आता सगळं घरावर होतं, आणि घरात एक आठवड्यापूर्वीच कॉम्प्युटर आला होता.

तो मी शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला घेतला असं घरी सांगितलं होतं. माझा मामेभाऊ प्रशांत नागपुरात कॉम्प्युटर जोडून द्यायचा. त्याने मशीनसोबत एक सीडी हातात ठेवली.

"दादा, ह्या गेममधी जग बुडून गेलं हाय. बॉम्ब पडले, सारं खलास. तू एकटा वाचला. आता कुठीबी जाय, काहीबी कर."

"मंग काम काय करा लागते?"

"हेच तं! कामच नाई!"

मला ही कल्पना फारच आवडली. जग बुडलं म्हणजे परिपाठ नाही, पोषण आहाराची खिचडी नाही, जनगणना नाही!

आवाजासाठी मात्र मशीनसोबत काहीच नव्हतं. पण गावच्या भजन मंडळाचा मोठा बॉक्स आमच्याकडेच असायचा, कारण बाबा मंडळाचे अध्यक्ष. तो जोडला. पूर्वी ज्यातून टाळ-मृदंग निघायचे त्यातून आता वारा घोंघावू लागला.

पहिल्या दिवशी सुरुवातीलाच गेमने मला विचारलं, तू कसा आहेस? ताकद, हिंमत, बोलणं, बुद्धी, नशीब अशी पाच खाती, आणि त्यांत मिळून वीस गुण वाटायचे. कोणी बघत नाही हे पाहून मी ताकद दहा आणि हिंमत दहा घेतली. (बुद्धी घरची आहेच, असा विचार केला.) चेहराही निवडायचा होता. मी रुंद जबड्याचा, भरदार मिशीचा निवडला, आणि त्याला माझंच नाव दिलं, मोरेश्वर. मग जमिनीखालच्या एका तळघराचं लोखंडी दार करकरत उघडलं, डोळे दिपवणारा उजेड आला, आणि समोर बुडालेलं जग पसरलं. तांबूस आभाळ, मोडक्या इमारती, उखडलेले रस्ते. मला भीती वाटेल असं प्रशांत म्हणाला होता. मला वाटलं, पावसाळ्यानंतरचा आमच्या गावाचा रस्ता याहून वाईट असतो. पुढे एक पडका बसथांबा लागला. तिथे मी सवयीने पाच मिनिटं उभा राहिलो.

तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं आणि लाइट ते सोडून बाकी सगळ्या वेळीही जायची. परत आल्यावर पाहतो तर गेम पहिल्यापासून. आपण जिथवर पोहोचलो ते जपून ठेवता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. (सूचना इंग्रजीत होत्या.) त्या आठवड्यात जग आठ वेळा बुडालं, आठ वेळा मी तळघरातून निघालो आणि आठही वेळा बसथांब्याच्या फार पुढे गेलो नाही.

तिसऱ्या बुडण्याच्या वेळी बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे कोन्ती प्रश्नपत्रिका होय?"

मी खरं सांगितलं. बाबा स्टूल घेऊन बसले ते बसलेच. त्यांनी बुडालेल्या जगाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एवढी जमीन पडीत! काऊन नाई कोनी बांध्या टाकल्या?"

"बाबा, मानसं मेली सारी."

"तलाव तं हाय ना थो? पानी हाय, जमीन हाय. एक धानाचा रोवना झाला असता इथी."

मी एका मोडक्या घरात शिरलो. टेबलावर खाण्याचे डबे पडलेले. उचलणार तोच बाबा ओरडले, "ए! हात नको लावू! कोनाचं हाय थे?"

"कोनाचंच नाई. मालक मेला."

"मंग वारस असन. आवाज दे अगुदर!"

गेममध्ये आवाज द्यायची सोयच नव्हती. त्यामुळे मी त्या भरल्या घरातून उपाशी बाहेर पडलो. आई चहा घेऊन आली, पडद्यावरचं घर पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. "आगबाई! किती कचरा! मेले तं मेले, एक खराटा तं ठेवून जायचा!" तिने मला त्या घरात पुन्हा पाठवून सगळ्या कोपऱ्यांत खराटा शोधायला लावला. बंदुका तीन सापडल्या, खराटा नाही.

पुढे एक माणूस भेटला. त्याच्याशी बोलताना खाली चार उत्तरं यायची आणि त्यातलं एक निवडायचं. बाबा म्हणाले, "कोन्या गावचा म्हनून इचार." तसं उत्तर नव्हतं. "मंग जेवन झालं का इचार." तेही नव्हतं. चारही उत्तरं मी नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि त्यातलं सर्वांत नम्र दिसणारं निवडलं. त्या माणसाने बंदूक काढली. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "शाळेत हेच इंग्रजी शिकवतं का तू?"

पण एक गोष्ट झाली. आमच्या घरात मी आणि बाबा एरवी दिवसाला चार वाक्यं बोलायचो, त्यांतली दोन बैलांबद्दल. त्या आठवड्यात आम्ही तासन्‌तास शेजारी बसलो. बाबा जंगलातले पारखी. कुठे वळायचं, वारा कुठून आहे, वाळलेल्या नाल्यातून जायचं की काठाने, सगळं ते सांगायचे आणि मी माऊस हलवायचो. मला फार बरं वाटायचं.

मग रविवार उजाडला.

पाहुणे दुपारी चारला येणार होते. आईने घर सारवून घेतलं, मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, बाबांना नवी टोपी दिली, आणि दहाच्या सुमाराला कपबश्या मागायला शेजारच्या आळीत गेली. जाताना दारातून म्हणाली, "त्या डबड्याले हात लावान तं पाहा!"

आई कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघं अगदी सभ्यपणे बसलो होतो.

"दहा मिन्ट," बाबा म्हणाले.

"दहाच," मी म्हणालो.

पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीवर बाबांची काळी घोंगडी टांगली. जग बुडालं, दार उघडलं, बसथांबा मागे पडला. बाबांच्या सांगण्यावरून आम्ही आज नाल्याच्या काठाने गेलो आणि पहिल्यांदाच रानात पोहोचलो. झाडं काळी, वाळलेली. बॉक्समधून पाचोळ्याची सळसळ ऐकू आली. बाबांनी माझा खांदा दाबला. ते हळूच म्हणाले, "थांब. हे पाचोळ्याचं चालनं मानसाचं नोहे."

आणि मागून ते आलं. अर्धे केस झडलेलं, एका बैलाएवढं अस्वल! भजन मंडळाच्या बॉक्समधून अशी डरकाळी फुटली की भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे पडले.

"अस्वल!!" बाबा स्टुलावरून उडाले. "अस्वल आलं! पळ! झाडावर नोको चढू, थे बी चढते झाडावर!"

"कुठी पळू?"

"उताराकडं! उताराकडं पळ!"

मी चुकून चढाकडे पळालो. अस्वल दोन पावलांवर आलं. तेव्हा बाबांनी जे केलं ते इतक्या वर्षांच्या सवयीने केलं. त्यांनी धावत जाऊन दाराशेजारचा डबा काढला आणि पडद्यावरच्या अस्वलासमोर तो धडाधड वाजवायला सुरुवात केली.

आणि अस्वल थांबलं! जागच्या जागी नाहीसं झालं.

लाइट गेली होती.

"पाह्यलं?" घाम पुसत बाबा म्हणाले. "डब्याले भिते थे. कोन्याबी देशाचं असो."

आम्ही अंधारात बसून हसलो. मग हसणं थांबलं, कारण बाहेर कुठेतरी एक डबा वाजला. मग दुसरा. मग पाटलाच्या आळीकडून तीन-चार, मग तलावाच्या बाजूने, मग सगळीकडून. बाबांचा चेहरा गंभीर झाला. आपण आत्ताच डबा वाजवलाय हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

"मोरू, गावात अस्वल घुसलं!"

त्यांनी दाराला कडी घातली, खिडकीची फळीही आतून लावली, आणि नियमाप्रमाणे आपला डबा वाजवू लागले. मीही पितळी परात घेतली. आम्ही जितकं जोरात वाजवू तितके बाहेरचे डबे जवळ यायचे, आणि ते जितके जवळ यायचे तितकं आम्ही घाबरून आणखी जोरात वाजवायचो. शेवटी बाबांनी खिडकीची फळी बोटभर उघडली. बाहेर सगळं गाव! काठ्या, कुऱ्हाडी, डबे, आणि सर्वांत पुढे पोलीस पाटील तुळशीरामभाऊ.

"तुळशीराम! अस्वल कुठी हाय?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या घरात!"

"आमच्या?"

"तुमीच तं वरडले ना! डरकाळी साऱ्या गावानं आयकली! निंघा बाहीर, शामरावभाऊ!"

बाबांनी फळी लावली. आम्ही दोघांनी हळूच मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे मिट्ट काळोख होता. आणि त्या काळोखात धप्प असा आवाज झाला. (आमच्या बडवण्याने फळीवरची मोहफुलांची टोपली खाली पडली होती, हे नंतर कळलं.)

"ह्येच थे," बाबा पुटपुटले, आणि कडी काढून एका उडीत बाहेर गेले. एकटे! एकुलत्या एका मुलाला मागे ठेवून!

मी राहिलो. अस्वलाबद्दल लहानपणापासून शिकवलेलं एकच मला आठवलं: ते तोंडावर झडप घालतं, म्हणून डोकं झाकून खाली वाकायचं. मी खिडकीवरची काळी घोंगडी ओढली, डोक्यावरून पायापर्यंत घेतली, चार पायांवर झालो आणि अंदाजाने दाराकडे सरपटत निघालो. भीतीने माझ्या तोंडून काहीतरी आवाजही येत होता. तो कसा होता ते मला सांगता येणार नाही, पण गावकऱ्यांच्या मते तो अगदी हुबेहूब होता.

इकडे बाहेर एक जीप येऊन थांबली होती. आरमोरीकडच्या लोकांत एक पद्धत आहे. घर पाहायला जायचं तर सांगितलेल्या वेळेआधी जायचं, म्हणजे घर जसं असतं तसं दिसतं. ते बरोबर पाच तास आधी आले होते. वर्षाचे वडील महादेवभाऊ जीपमधून उतरले. सोबत वर्षाची आत्या. समोर डबे बडवणारं अख्खं गाव, अंगणात टोपी उडालेले होणारे व्याही, हातात कपबश्यांचा ट्रे घेऊन "माहा मोरू आत हाय वोऽऽ" म्हणून रडणारी होणारी विहीण, आणि त्याच क्षणी दारातून सपरीत येणारं, चार पायांवरचं, काळं, केसाळ असं काहीतरी.

"आलंऽऽ!"

गाव दहा पावलं मागे सरलं. तुळशीरामभाऊ सर्वांत पुढे होते ते सर्वांत मागे गेले. पण महादेवभाऊंनी अस्वलं पाहिलेली होती. त्यांनी शेजाऱ्याच्या हातातली काठी ओढून घेतली, दोन ढांगांत सपरीवर आले आणि माझ्या पाठीत एक दणका घातला. असा, की अजून ढग आले की ती जागा सांगते.

दुसऱ्या दणक्यासाठी काठी उचललेली मला घोंगडीच्या भोकातून दिसली, आणि काठीच्या टोकाशी ते ओळखीचं, पोह्यांच्या प्लेटीपलीकडून पाहिलेलं तोंडही दिसलं.

"मारू नोका!" मी किंचाळलो. "मी जवाई हावो!"

डबे थांबले. इतकी शांतता झाली की जीपचं इंजिन थंड होताना टकटक करत होतं ते ऐकू आलं.

"कोनाचा?" काठी तशीच वर धरून महादेवभाऊंनी विचारलं.

मी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. "तुमचाच. म्हंजे... तुमच्या हातात हाय आता."

महादेवभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या काठीकडे. काठी हळूच खाली आली. आई मात्र कपबश्या जमिनीवर ठेवून सरळ माझ्याकडे आली, मला चाचपून पाहिलं, मी धड आहे याची खात्री केली आणि मग पाठीत दुसरा दणका घातला. तोही त्याच जागेवर.

माझ्या डोळ्यांसमोर तिसरा नकार आला. मनातल्या मनात वर्षा पाण्याचा पेला घेऊन येताना दिसली आणि परत जाताना दिसली. मला रडूच यायचं बाकी होतं, पण गाव रडू देईल तर ना! तुळशीरामभाऊ आता पुन्हा सर्वांत पुढे आले होते.

"अस्वल कुठी हाय, गुरुजी?"

"कॉम्प्युटरमधी."

गावात कुजबुज पसरली. तुळशीरामभाऊंचा चेहरा उजळला. "म्हंजे डबा खोटा! शामरावभाऊ, तुमचाच नियम! वरन, भात, वांगे..."

"बुंदी!" मागून चारपाच जण एकदम ओरडले.

"खोटा कसा?" बाबा उसळले. "अस्वल व्हतं! म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. पंचानं पाह्यल्याबिगर खोटा ठरवता येत नाई!"

बोलता बोलता लाइट आली. झालं! अर्धं गाव घरी गेलं आणि अर्धं आमच्या घरात शिरलं. खिडकीत डोकी, दारात डोकी, खाटेवर बायका. आईने मानाच्या दोन खुर्च्या महादेवभाऊंना आणि आत्याबाईंना दिल्या. ते घर पाहायला आले होते आणि घर आता दिसतच नव्हतं. पाठ धरून मी स्टुलावर बसलो. गेम अर्थातच पहिल्यापासून सुरू झाला, आणि पहिल्यापासून म्हणजे कुठून ते माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पडद्यावर आलं: मोरेश्वर. आणि खाली पाच खाती.

"हे काय?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

"काई नाई, काई नाई," म्हणत मी घाईघाईने पुढे जाऊ लागलो. पण बाबा पंचांपुढे काहीही लपवत नाहीत.

"गुरुजीचे गुन टाकाचे असते. वीस मार्क हाय. ताकद, हिंमत, बोलनं, बुद्धी, नशीब."

गावाला याहून आवडीचं काम मिळालं नसतं! माझ्या होणाऱ्या सासऱ्यासमोर माझा निकाल लागू लागला.

"ताकद किती टाकाची?"

"एका काठीत आडवे झाले. तीन."

"जास्त व्हते, पन टाका."

"हिंमत?"

यावर सगळे नुसते दबून हसले. शेवटी बाबाच म्हणाले, "एक टाक. काई नाई तरी घरातून बाहीर तं आला." (हे कोण म्हणत होतं? जो आधी पळाला तो!)

"बुद्धी?"

आता मात्र मी मान वर केली. मी त्यांच्या मुलांचा गुरुजी होतो. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "दोन." आणि कोणीही हरकत घेतली नाही. आईनेसुद्धा नाही!

"बोलनं?"

मी डोळे मिटून घेतले. याच खात्यावर पहिला नकार आला होता. तेवढ्यात मागून महादेवभाऊंचा आवाज आला, पहिल्यांदाच.

"बोलन्यात चार टाका. काठी डोक्यावर व्हती, तरी एका वाक्यात कामाचं बोलला पोट्टा."

मी वळून पाहिलं. ते हसत होते. मिशीतल्या मिशीत, पण हसत होते.

"किती उरले?" तुळशीरामभाऊंनी विचारलं.

"दहा," मी म्हणालो. (गणित मला येतं.)

आत्याबाई आतापर्यंत चहाची बशी हातात धरून गप्प बसल्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सारे नशिबात टाका. आमची वर्षा भेटून राह्यली ना त्याले!"

मला आधी कळलंच नाही. (बुद्धी दोन!) आईला कळलं. तिने "आगबाई!" म्हणून आत्याबाईंचे हात धरले, बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली, आणि मी माऊस धरून बसलो तो पडदा मला धूसर दिसू लागला. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं होतं.

"थे सारं राहू द्या," तुळशीरामभाऊ म्हणाले. "अस्वल दाखवा."

मी निघालो. मला इतका हलकेपणा आला होता की बसथांब्यावर थांबलोसुद्धा नाही. नाल्याचा काठ, काळी झाडं, पाचोळ्याची सळसळ. महादेवभाऊ खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी आले आणि म्हणाले, "वारा पाठीकडून हाय. मागून येईन." बाबांनी आदराने मान हलवली. दोन व्याह्यांचं तिथेच जमलं.

आणि मागून ते आलं. भजन मंडळाच्या बॉक्सने जीव खाऊन डरकाळी फोडली. बायका किंचाळल्या, खिडकीतली डोकी गायब झाली, आणि न्याय करायला बसलेले पोलीस पाटील तुळशीरामभाऊ, ज्यांनी आपला डबा अजून मांडीवरच ठेवला होता, त्यांनी तो दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली!

बाहेर लगेच एक डबा वाजला. मग दुसरा. मग घरी गेलेलं अर्धं गाव काठ्या घेऊन परत आलं.

"तुळशीराम!" बाबा आनंदाने नाचायचेच बाकी होते. "खोटा डबा! आता बुंदी तुही!"

असं ठरलं की वरण, भात आणि वांगी आमची, बुंदी पोलीस पाटलांची. महादेवभाऊ म्हणाले, गाव जेवणारच आहे तर त्याच पंगतीत साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) उरकून टाकू. पुढच्या रविवारी तसंच झालं. वर्षाने मला बाजूला गाठून विचारलं, "पाठ कशी हाय?" मी म्हणालो, "बरी हाय." मग ती म्हणाली, "रिकाम्या वेळात वाचन करता ना?" आणि पुन्हा तोंडावर पदर धरून हसली. मी बुंदी खात होतो. तीही चुकीच्या नळीत गेली.

त्या गेमचा शेवट काय होतो ते मला अजून ठाऊक नाही. गावाने वाटून दिलेले गुण मात्र मी तसेच ठेवलेत. नशिबाचे दहा खरे निघाले. ताकद आणि हिंमत यांबद्दल माझी काही तक्रार नाही. बुद्धीचे तेवढे दोन मला फार कमी वाटतात, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एक दिवस मी ते वर्षाला बोलून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता अगदी शांतपणे सांगितलं, "पाहुने घरी बसले व्हते म्हनून लोकायनं एक मार्क वाढवून देला असन."